शब्दाला आधी त्याची तारीख विचारा

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या संग्रहातली कंपनी सरकारच्या काळातली इंग्रजी पत्रं आणि जुनी प्रवासवर्णनं वाचायला घेतलीत पण मधेच असा शब्द येतो की डिक्शनरी उघडली तरी वाक्य लागत नाही. तुम्ही चार शब्द दिलेत, ग्रॅब, प्रेझेंटली, सेनाइट आणि एका गोऱ्या सोल्जरच्या आठवणीतला डूलॅली. शिवाय ‘पॉश’, ‘न्यूज’ अशा शब्दांच्या उगमाच्या ज्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्या खऱ्या का, हेही विचारलंय. मी 26 वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतेय, त्यातलं निम्म्याहून जास्त काम 17व्या ते 19व्या शतकातल्या कागदांचं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी रोजच्या कामातला आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी एक सांगते, विचित्र दिसणारा शब्द सहसा फसवत नाही. तो दिसला की आपण थांबतो, कोश उघडतो, अर्थ मिळतो, काम होतं. फसवतो तो ओळखीचा दिसणारा शब्द, कारण तिथे आपण थांबतच नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकाशकासाठी सुरतेच्या इंग्रजांवरचं प्रकरण करत होते. एक तरुण मुलगा ‘रायटर’ म्हणून जहाजाने आला असं वाक्य होतं, मी सरळ ‘लेखक’ लिहिलं. पुढे ‘फॅक्टरी’ आली, तिथे ‘कारखाना’. छापून आलं, आणि महिन्याभरात इतिहासाच्या एका निवृत्त सरांचं पत्र आलं, की ताई, सुरतेत इंग्रजांनी कारखाना कधी काढला होता? मला रात्रभर झोप लागली नाही. कंपनीच्या नोकरीत रायटर म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा कारकून, त्याच्या वर फॅक्टर, मग ज्युनिअर मर्चंट, मग सिनियर मर्चंट. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये हेच कारकून राहायचे. आणि फॅक्टर म्हणजे मालकाच्या वतीने माल घेणारा-विकणारा माणूस, लॅटिनमध्ये मूळ अर्थ नुसता ‘करणारा’. हे फॅक्टर जिथे राहायचे आणि माल साठवायचे ती फॅक्टरी, म्हणजे आपली वखार. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने जी फॅक्टरी लढवून राखली ती वखारच, तिथे यंत्रं बिंत्रं काही नव्हती. गंमत अशी की आपल्या ‘कारखाना’ शब्दाचंही तेच झालंय, शिवकाळातले अठरा कारखाने म्हणजे सरकारी खाती आणि कोठारं, आजचे धुराडेवाले कारखाने नव्हेत. म्हणजे दोन्हीकडचे शब्द सरकलेत आणि मी दोन्हीकडचे आजचे अर्थ धरून बसले होते.

तेव्हापासून मी शब्दाला आधी त्याची तारीख विचारते. हा कागद कुठल्या सालचा, आणि त्या साली या शब्दाचा अर्थ काय होता. बाकी सगळं नंतर.

आता तुमचा ग्रॅब. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत ‘आंग्रियाचे ग्रॅब आणि गॅलिव्हॅट’ अशी जोडी सारखी येते. आजची डिक्शनरी म्हणते ग्रॅब म्हणजे हिसकावणे, आणि आंग्र्यांनी जहाजं पकडली होती हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे तो चुकीचा अर्थसुद्धा वाक्यात बसल्यासारखा वाटतो आणि तिथेच घोटाळा होतो. इथे ग्रॅब म्हणजे गुराब. अरबी ‘घुराब’, मूळ अर्थ कावळ्याच्या जातीचा मोठा काळा पक्षी, त्यावरून जहाजाचं नाव, तेच मराठीत गुराब आणि इंग्रजांच्या कानाला ग्रॅब. हिसकावण्याचा ग्रॅब वेगळा, तो युरोपातल्याच भाषांमधून आलेला, दोघांचा काही संबंध नाही, फक्त स्पेलिंग जुळलं. आणि गॅलिव्हॅट म्हणजे आपलं गलबत. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये गेले, त्यांच्या काळातल्या इंग्रजी कागदांत या दोन शब्दांशिवाय पान जात नाही. मराठी वाचकाला खरंतर हे शब्द इंग्रज वाचकापेक्षा सोपे आहेत, फक्त इंग्रजी स्पेलिंगच्या आतून आपला शब्द ऐकू यायला पाहिजे. मी तर असा शब्द आला की मोठ्याने वाचते. हिरकारा म्हणजे हरकारा, कॉसिड म्हणजे कासीद, डॉक म्हणजे डाक, आणि बॉबरी म्हणजे आरडाओरडा, जो हॉब्सन-जॉब्सनच्या मते आपल्या ‘बाप रे’ वरून आलाय.

हॉब्सन-जॉब्सन म्हणजे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा कोश, 1886 चा, 1903 मध्ये विल्यम क्रूकने सुधारून वाढवला. नावच बघा ना, मोहरममधला ‘या हसन, या हुसैन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी हॉब्सन-जॉब्सन झाला. तुमच्यासारखे कागद वाचणाऱ्याने हा कोश हाताशी ठेवलाच पाहिजे. शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश फुकट ठेवलेत, त्यात हाही आहे आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे.

प्रेझेंटली. हा फार लबाड शब्द. आज आपण ‘सध्या’ म्हणून वापरतो. शेक्सपिअरच्या काळात त्याचा अर्थ ‘लगेच, आत्ताच्या आत्ता’. पुढे तो ढिला पडला आणि ‘थोड्या वेळाने’ झाला, 18व्या-19व्या शतकातल्या लिखाणात बहुतेक वेळा हाच अर्थ लागतो. लगेच करतो म्हणणारी माणसं लगेच करत नाहीत म्हणून शब्द ढिला पडतो, ‘सून’ या शब्दाचंही हेच झालं, तोही मुळात ‘लगेच’ होता. आपल्याकडे ‘आलोच’ म्हणणारा माणूस किती वेळाने येतो ते आठवा म्हणजे ही वाट कशी पडते ते कळेल. तर तुमच्या पत्रात सुभेदार ‘प्रेझेंटली’ येणार आहे असं असेल तर तो सध्या येत नाहीये, थोड्या वेळाने येतोय.

असे शब्द खूप आहेत. ‘नाइस’ लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला तेव्हा इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मूर्ख’ होता, मग ‘नको इतका चोखंदळ’, मग ‘बारीक, काटेकोर’, आणि 18व्या शतकात कुठे ‘छान’ झाला. ‘सिली’ बरोबर उलट दिशेने गेला, आधी ‘धन्य, सुखी’, मग ‘निरागस’, मग ‘बिचारा’, मग ‘वेडपट’. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘झेलिश’ अजून ‘धन्य’ याच अर्थाने जगतोय. ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न होतं, म्हणून ‘स्वीटमीट’ मिठाईत मांस नसतं, आणि 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘मीट ऑफरिंग’ म्हणतात तो धान्याचा नैवेद्य आहे. ‘डिअर’ म्हणजे आज हरीण, तेव्हा कुठलाही प्राणी, शेक्सपिअरने उंदीर-घुशींना ‘स्मॉल डिअर’ म्हटलंय. त्याच बायबलमध्ये भक्त म्हणतो की मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं, म्हणजे पहाट रोखली नाही हो, पहाट व्हायच्या आधी उठलो, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आधी येणे’ एवढाच.

यातला मला सगळ्यात आवडणारा शब्द तुमच्या घरातच आहे. पासपोर्ट काढा आणि पहिल्या पानावरचं राष्ट्रपतींच्या नावाने केलेलं इंग्रजी वाक्य वाचा, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं. लेट म्हणजे जाऊ देणे ना? मग ‘जाऊ देण्याशिवाय’? तर हा लेट वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एकाचा अर्थ ‘होऊ देणे’ आणि दुसऱ्याचा ‘अडवणे’, दुसरं ‘उशीर’वाल्या लेटचं नातलग. काळाच्या ओघात दोन्हींचा उच्चार एक झाला, आता ‘हो’ आणि ‘नाही’ एकाच शब्दात राहणार कसे, तर अडवण्याचा लेट मेला. हॅम्लेट म्हणतो की जो मला ‘लेट’ करेल त्याचं मी भूत करीन, म्हणजे जो आडवा येईल त्याचं. आज तो लेट दोनच ठिकाणी शिल्लक आहे, कायद्याच्या भाषेत आणि टेनिसमध्ये, सर्व्हिस जाळीला घासली की अंपायर लेट म्हणतो तो बहुतेक हाच अडथळ्याचा लेट. पासपोर्टवर हिंदीत त्याला ‘रोक-टोक’ असा नेमका प्रतिशब्द दिलाय, ज्याने कोणी तो निवडला त्याला मी मनापासून दाद देते. आणि लेट-हिंड्रन्स अशी एकाच अर्थाची जोडी का, तर जोर यावा म्हणून, अशा जोड्या इंग्रजी कायद्यात ढिगाने आहेत. आपल्याकडे ‘कागदपत्र’ आणि ‘बाजारहाट’ याही एकाच अर्थाच्या जोड्या, त्यात एक शब्द फारसी आणि एक आपला.

सेनाइट सोपा आहे, सेव्हन नाइट, सात रात्री, म्हणजे आठवडा. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. जुने जर्मनिक लोक दिवस मोजायचे नाहीत, रात्री मोजायचे, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवलंय. नवरात्र म्हणणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. सेनाइट 19व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पत्रांमध्ये सर्रास दिसतो. ‘मंडे सेनाइट’ असं आलं तर ‘येत्या सोमवारच्या पुढचा सोमवार’, तारखा लावताना हे लक्षात ठेवा नाहीतर सगळा घटनाक्रम एका आठवड्याने हलतो. दिवसांचाच विषय आहे तर, ‘ओव्हरमॉरो’ म्हणजे परवा हा शब्द कव्हरडेलने 1535 मध्ये इंग्रजीत आणलेल्या बायबलमध्ये आहे, इंग्रजीने तो नंतर टाकून दिला आणि आता त्यांना परवा म्हणायला चार-पाच शब्द लागतात. आपण परवा तर ठेवलाच, तेरवासुद्धा ठेवला.

आता ‘दाउ’ या जुन्या इंग्रजी सर्वनामाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे नवे भाषांतरकार हमखास चुकतात आणि तुम्हालाही हे भेटणार. दाउ, दी, दाय हे कानाला भारदस्त वाटतात, चर्च आणि नाटकं आठवतात, म्हणून लोक त्याचं भाषांतर ‘आपण’ करतात. बरोबर उलटं आहे. दाउ म्हणजे ‘तू’ आणि यू म्हणजे ‘तुम्ही’. यू मुळात अनेकवचन, पुढे फ्रेंचांचं बघून एका माणसाला मान द्यायलाही वापरायला लागले. म्हणजे 16व्या शतकातल्या इंग्रजाला कोणाला तू म्हणायचं आणि कोणाला तुम्ही याचा विचार आपल्यासारखाच करावा लागायचा. 1603 मध्ये वॉल्टर रॅली या दरबारी आणि दर्यावर्दी माणसावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, की मी तुला ‘दाउ’ म्हणतोय, ‘दाउ’ गद्दार. इथे ‘आपण गद्दार आहात’ लिहिलं तर त्या अपमानाची सगळी धार गेली. मराठीत हे किती सोपं जातं बघा, ‘मी तुला अरे-तुरेच करणार, गद्दारा’. आजच्या इंग्रजीत हे करताच येत नाही, मराठीत जसंच्या तसं येतं.

मग देवाला दाउ का? तर जवळीक म्हणून. आपले संत विठोबाला अहो-जाहो करतात का? अरे-तुरेच करतात, भांडतातसुद्धा. इंग्रज बायबलातही देवाला तूच म्हणतात. पुढे रोजच्या बोलण्यातून दाउ उठला, फक्त देवळात आणि कवितेत राहिला, म्हणून आज तो मोठेपणाचा वाटतो. क्वेकर पंथाच्या लोकांनी 17व्या शतकात सगळ्यांना, अगदी न्यायाधीशालासुद्धा, दाउच म्हणायचं ठरवलं, माणसं सगळी सारखी म्हणून, आणि त्यापायी मारही खाल्ला. तर जुनं नाटक वाचताना एखादं पात्र मधेच यू सोडून दाउवर आलं तर पेन्सिलने खूण करा. तिथे काहीतरी घडलंय, प्रेम बसलंय नाहीतर राग आलाय नाहीतर दारू चढलीये.

असो, आता उगमाच्या गोष्टी. ‘पॉश’ची गोष्ट आपल्याकडे जास्त फिरते कारण त्यात मुंबई आहे. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येताना डावीकडची खोली आणि परत जाताना उजवीकडची, म्हणजे उन्हाचा त्रास कमी, श्रीमंत लोक तशी तिकिटं घ्यायचे आणि त्यावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं मारलेली असायची, त्यावरून पॉश. ऐकायला इतकी नेटकी आहे की खोटी म्हणायला जीव होत नाही. पण तारखा लावा. अशी अक्षरं मारलेलं एकही तिकीट आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही, कंपनीच्या दप्तरात तशी नोंद नाही. ‘झकास, उंची’ या अर्थाने पॉश शब्द 1914 च्या सुमाराला छापील सापडतो, आणि तिकिटांची गोष्ट छापील येते ती 1930 च्या दशकात. म्हणजे शब्द आधी आणि जन्मकथा वीस वर्षांनी. त्याच्याही आधी 1890 च्या आसपासच्या बोलीच्या कोशात पॉश म्हणजे ‘छानछोकी करणारा माणूस’ असं आहे, आणि लंडनच्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे चिल्लर पैसा. हा पैशाचा पॉश रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून, अर्ध्या पेनीवरून, आला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. रोमानी ही युरोपातल्या भटक्या लोकांची भाषा, तिचं मूळ हिंदुस्थानातलं, तेव्हा मुंबईची बोट नसली तरी शब्दाची पाळंमुळं या बाजूला असायची शक्यता उरतेच.

आद्याक्षरांपासून शब्द बनायची पद्धत मुळात 20व्या शतकातली. त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही शब्दाची अशी फोड कोणी सांगितली की सरळ संशय घ्या. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ हे मलाही शाळेत शिकवलं होतं आणि आजही शिकवतात, याचा मला खरोखर त्रास होतो, कारण खरी गोष्ट त्याहून सोपी आणि पोरांना लगेच कळणारी आहे, न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही बातमीला हाच शब्द आहे, नुव्हेल. गोल्फ म्हणजे ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ हेही तसंच, 1457 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली होती कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून खेळत बसायचे, म्हणजे शब्द तेव्हापासून आहे. क्विझची गोष्ट सांगतात की डब्लिनमधल्या डेली नावाच्या थिएटर मॅनेजरने पैज मारून एका रात्रीत हा निरर्थक शब्द गावभर भिंतींवर लिहवून घेतला. साल सांगतात 1791. आणि फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकार बाईंच्या डायरीत ‘क्विझ’ म्हणजे विचित्र माणूस या अर्थाने 1782 मध्येच आलाय. संपली गोष्ट.

तारीख कशी बघायची, तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, मोठी, ती विद्यार्थ्यांची छोटी नव्हे. 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, पहिला भाग आला 1884 ला आणि काम पुरं झालं 1928 ला. शेकडो साध्या वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून एकेका शब्दाचं वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवलं, जेम्स मरे आणि मंडळींनी त्या लाखो चिठ्ठ्या लावल्या, म्हणून त्यात प्रत्येक अर्थाखाली सालासकट वाक्यं मिळतात. मोठ्या लायब्ररीत ऑनलाइन बघायला मिळते. 18व्या शतकाचा कागद असेल तर मी त्यासोबत सॅम्युअल जॉन्सनचा 1755 चा कोश उघडते, तो फुकट आहे, आणि त्या काळच्या माणसाला काय अर्थ वाटत होता ते त्याच्याच तोंडून कळतं. आणि मराठीत आणायचं असेल तर मोल्सवर्थने सुरू करून टॉमस कँडीने पुरा केलेला 1847 चा इंग्रजी-मराठी कोश, ज्याला लोक विसरलेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी सगळ्यांना माहीत असतो, 1831 चा आणि मग 1857 चा, पण तुमच्या कामाला हा उलटा कोश जास्त उपयोगी. कंपनीच्या काळातल्या इंग्रजी शब्दाला कंपनीच्या काळातला मराठी शब्द काय होता ते त्यात आहे.

अजून एक सावधगिरी, जुना दिसतो तो शब्द जुना असतोच असं नाही. ‘यस्टरइअर’ किती पुराणा वाटतो, तो 1870 मध्ये रोझेट्टी या इंग्रज कवीने एका जुन्या फ्रेंच कवितेच्या भाषांतरासाठी बनवला. मातीच्या वासाला ‘पेट्रिकोर’ म्हणतात, ग्रीक दिसतो म्हणून लोक त्याला प्राचीन समजतात, तो 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या दोन शास्त्रज्ञांनी तयार केला, आणि कनोजच्या लोकांनी हा वास अत्तरात आधीच धरलेला आहे हे त्यांनाही माहीत होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘यी ओल्ड’ हे तर वाचायचंच चुकतं, ते ‘यी’ नाहीच, ‘द’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ’साठी थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं, हस्ताक्षरात ते वाय-सारखं दिसायला लागलं, आणि 1476 मध्ये कॅक्सटनने इंग्लंडमध्ये छपाई आणली तेव्हा टाइप युरोपातला, त्यात थॉर्न नव्हतंच, मग छापणारे त्याजागी वाय लावायला लागले.

आणि काही शब्द तर निव्वळ चुकीतून जन्मलेत. 14व्या शतकातला कवी चॉसर याने एका वीराबद्दल लिहिलं की ‘करायला धजण्यात’ त्याचा हात कोणी धरत नसे. पुढच्या शतकात त्याची नक्कल झाली, त्या नकलेच्या छपाईत स्पेलिंग हललं, 1579 मध्ये कवी स्पेन्सरने ते वाचलं आणि त्याला वाटलं ‘डेरिंग-डू’ हे शौर्याला नाव आहे, आणि वॉल्टर स्कॉटने ते उचलून लोकप्रिय केलं. ‘स्लगहॉर्न’ची कथाही तशीच, मूळ गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, ‘सैन्याची आरोळी’, आपल्या ‘हर हर महादेव’सारखी रणगर्जना, त्याचंच आजचं रूप ‘स्लोगन’. 18व्या शतकातल्या चॅटरटन या कवीला त्यातला ‘हॉर्न’ दिसला आणि त्याने ते रणशिंग समजून कवितेत वाजवलं, ऐंशी-नव्वद वर्षांनी ब्राउनिंगनेही 1855 च्या कवितेत तेच शिंग ओठाला लावलं. मोठमोठे कवी ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दाने असे फसलेत.

राहिला डूलॅली. हा तर आपलाच. नाशिकजवळचं देवळाली, जिथे आज तोफखान्याचं ट्रेनिंग चालतं, तिथे इंग्रजांचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. हिंदुस्थानातली नोकरी संपलेला गोरा शिपाई तिथे यायचा आणि मुंबईहून निघणाऱ्या बोटीची वाट बघत बसायचा. सैन्याच्या बोटी साधारण ऑक्टोबर ते मार्च याच काळात सुटायच्या, तेव्हा ज्याची शेवटची बोट चुकली त्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागायचा. काम नाही, घरी जायची ओढ, रोज तेच. माणसं दारू प्यायची, भांडायची, काहींचं डोकं खरंच फिरायचं. त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणायला लागले. इंग्लंडमध्ये आज नुसतं डूलॅली उरलंय, अर्थ डोकं फिरलेला, आणि तिथल्या बऱ्याच जणांना हे एका गावाचं नाव आहे हे माहीत नसतं. ‘टॅप’ बघून ते नळ किंवा टपली समजतात. आपल्याला मात्र मोठ्याने वाचलं की लगेच कळतं, टॅप म्हणजे ताप.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिपायाच्या आठवणी मराठीत करताना हे वाक्य आलं तेव्हा मी ‘त्याला वेड लागलं’ असं लिहून बघितलं, मग ‘तो भ्रमिष्ट झाला’ असं लिहून बघितलं, आणि शेवटी दोन्ही खोडून लिहिलं, ‘त्याला देवळालीचा ताप चढला’.